कुत्र्यांसाठी घेतलेली शिट्टी

गेल्या महिन्यात एका सोमवारी आमच्या ऑफिसात सुमनबाई झाडायला आल्या नाहीत. त्यांच्या जागी त्यांची सून आली. 'सायकलिंगचे फोटो का बंद झाले' असं जे विचारताय, त्यांच्यासाठी हे लिहितेय... जरा लांबेल.

महागावला बदली झाली तेव्हा मी खूप नाक मुरडलं होतं. इथं करायचं काय, म्हणून सायकल घेतली. आणि खरं सांगते, या गावानं मला दिलेली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे फुलसावंगीकडे जाणारा पहाटेचा रस्ता.

पाचला निघायचं. दोन्हीकडे कपाशी, कानात शिरणारी गार हवा, चढ संपला की पायडल न मारता नुसतं उतरत जायचं... दहा वाजता खुर्चीत बसून साहेबांची बोलणी खाणारी बाई मी नव्हेच, असं वाटायचं. सगळं मीठ-मसाला लावून मी इथं लिहायचेही.

डोक्यावर हेल्मेट, अंगात चमकणारं जॅकेट, पुढं डोळे दिपवणारा लाइट. वाटेतल्या तांड्यापाशी कुत्री मागं लागायची, म्हणून गळ्यात शिट्टी. जोरात फुंकली की कुत्री जागच्या जागी थबकतात.

त्याच तांड्यापाशी रस्त्याच्या कडेला बायका बसलेल्या असायच्या. माझा लाइट दिसला की एकेक जण पदर तोंडावर ओढून उभी राहायची. मी मान दुसरीकडे वळवायचे आणि पुढं निघायचे. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही... रोज बघत होते. नजर वळवली की आपलं काम झालं, इतकीच माझी अक्कल.

तर त्या सोमवारी सुनेला विचारलं, सुमनबाई कुठंयत?

ती झाडू न थांबवता म्हणाली, "आमच्या सासूचा पाय मोडला, मॅडम. शनिवारी पहाटं रस्त्याच्या कडंनं बसेल होत्या. पथकवाले आले शिट्टी वाजवत. पयाले गेल्या अन् नालीत पडल्या."

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते... काही वर्षांपूर्वी उघड्यावर बसणाऱ्यांना पकडायला पहाटे सरकारी पथकाची माणसं फिरायची. टॉर्च मारायची, शिट्ट्या फुंकायची, फोटो काढायची. आता आमच्याकडे कुणी फिरत नाही. सुमनबाई राहतात त्याच तांड्यात, आणि त्या शनिवारी त्या रस्त्यावर शिट्टी फुंकणारी एकच बाई होती.

मला आठवलं. शिट्टीनंतर अंधारात काहीतरी धपकन पडलं होतं. रानडुक्कर असेल म्हणून मी आणखी जोरात पायडल मारले. पुढं फाट्यावर चहा प्यायले, सूर्य उगवतानाचा फोटो टाकला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी त्याला बदाम दिलेत.

सुनेला मी यातलं काही सांगितलं नाही. दिवसभर नुसत्या फायली इकडच्या तिकडे केल्या. ऑफिसात कळलं तर काय, तांड्यातली माणसं काय करतील, पोलिसात गेले तर... सुमनबाईंचं काय, हे माझ्या डोक्यात सगळ्यात शेवटी आलं. याची मला लाज वाटते.

भेटायला गेले ती थेट पंधरा दिवसांनी, त्यांना यवतमाळच्या दवाखान्यातून घरी आणल्यावर. मांडीच्या हाडात रॉड टाकलाय. घरापुढं पक्का संडास बांधलेला आहे, त्यात जळणाची पऱ्हाटी भरून ठेवलीय. टँकरचं पाणी प्यायलाच पुरत नाही, तिथं ओतायचं काय?

डॉक्टरांनी सांगितलंय, यापुढं उकिडवं बसायचं नाही. कधीच नाही. म्हणून सून घमेलं ठेवते आणि तीच उचलते... आणि मग झाडू घेऊन आमच्या ऑफिसात येते.

मी सांगून टाकलं. शिट्टी माझी होती, म्हटलं. सून उठून बाहेर निघून गेली.

"तुमी होत्या काय..." सुमनबाई म्हणाल्या. "मले वाटलं पथक आलं. मांगं एकडाव माया फोटो काढलता त्याईनं. लेकाच्या लग्नाच्या साली. मोबाइलमंदी गावभर फिरला. म्हून पयाली मी."

मला रडू आवरेना. वाटलं होतं त्या चिडतील, चार शब्द सुनावतील. सुनावले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी एवढंच विचारलं, "तुमी रोज किती वाजता निंगता, मॅडम? तेवढं सांगून ठेवा. बाया त्याच्या आंधीच जाऊन येतीन."

मी म्हटलं, मी आता निघतच नाही, सुमनबाई.

"तुमी नाई तं दुसरं कोनी निंगन. बायाईले टाइम माहीत पाह्यजे."

आणि ते खरं आहे. आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपमधले चौघे अजून त्याच रस्त्यानं जातात. त्यांना मी हे सगळं लिहून पाठवलं... दोघांनी अंगठा दिला, एकानं 'टेक केअर' लिहिलं. चौथ्यानं अजून वाचलेलं नाही.

पाचच्या आधी म्हणजे चारला. सापाकिरडांच्या रस्त्यानं, काळोखात, कुणाला तरी सायकल चालवता यावी म्हणून बायका तासभर आधी उठायला तयार होत्या. त्यात आपल्यावर काही अन्याय होतोय असं सुमनबाईंच्या चेहऱ्यावर कुठंच नव्हतं. मी माफी मागायला गेले होते... त्यांनी मला फक्त वेळ विचारली.