शहाजिऱ्याऐवजी बडीशेप

जगात रागावण्याजोगं जेवढं म्हणून आहे, त्यातलं निम्मं माझ्या मोठ्या जाऊबाईंनी मसाल्याच्या डब्यातच शोधून काढलं होतं. धने सर्द लागले की त्या भडकत, खोबरं जास्त भाजलं की भडकत, आणि सगळं मनासारखं जमलं की ‘एवढं नीट कसं झालं?’ या संशयाने भडकत. आमच्या फ्रीगंज बाजारातल्या हिंदी किराणावाल्याला त्या भर दुकानात विचारत, “भैया, ये पत्थरफूल है कि घाट की काई?” दगडफुलाला घाटावरचं शेवाळ म्हटलेलं ऐकून तो बिचारा दुसरी पुडी काढी.

आमच्याकडे वर्षाचा काळा मसाला उन्हाळ्यात एकदाच कुटला जाई. एका वर्षी पुण्याहून यायची शहाजिऱ्याची पुडी आलीच नाही. जाऊबाई चादरी छापायला टाकण्यासाठी भैरवगढला गेल्या होत्या, आणि मला हुशारी सुचली. माझ्या बहुतेक संकटांचं मूळ तेच. शेजारच्या भाभी म्हणाल्या, “बहूजी, सौंफ डाल दो, कौन पहचानेगा?” मी बडीशेप घातली आणि कुटून मोकळी झाले. जाऊबाईंनी उंबऱ्यातच ओळखलं; चपलाही काढल्या नाहीत. “अगं, आमटी करायची आहे का विडा?” पुढे वर्षभर आमटी वाढताना त्या भावजींना विचारत, “कात-चुना देऊ वरून?” स्वतः मात्र दोनदा घेत. रागाने भूक लागते म्हणत.

मग आमचा मध्य भारत प्रांत मोडून मोठ्या राज्यात मिसळला, राजधानी भोपाळला गेली आणि तिच्यामागोमाग भावजींची बदली. “प्रांत जोडतात मेले आणि घरं तोडतात,” म्हणत जाऊबाईंनी सामान बांधलं. मी भीत भीत मसाल्याचं प्रमाण विचारलं. “इतकी वर्षं डोळे कुठे होते?” एवढंच उत्तर मिळालं. लोखंडी खलबत्ता मात्र त्यांनी मागेच ठेवला. म्हणे, जड आहे.

दोन महिन्यांनी कार्ड आलं. ‘इथे शहाजिरे चांगले मिळते. मसाला तुझ्यासारखा बिघडत नाही. बडीशेप किती घातली होतीस ते कळव.’

आता आली पंचाईत. मी ती घाईघाईत मुठीने टाकलेली. शेवटी कमी-जास्त घालून तीन प्रकारचे मसाले कुटले. पण नावं ठेवायला घरात कुणीच नव्हतं, त्यामुळे कुठला बिघडलाय तेच मला कळेना. तिन्ही पुड्या पोस्टाने भोपाळला पाठवल्या.

उत्तर लगेच आलं. ‘तिन्ही वाईट. पोस्टात वास उडतो, एवढेही कळत नाही? पुढच्या वेळी स्वतः घेऊन ये. आणि उभ्या उभ्या येऊ नकोस.’