सत्याक्काचे हात

६ जानेवारी १९७९, शनिवार. निपाणीतल्या आमच्या तंबाखूच्या वखारीत पगाराच्या दिवशी ६१ रुपये ३५ पैसे वर्गणी जमली. मुकादम देवाप्पा सारायी, म्हणजे देशी दारू, पिऊन शिडीवरून पडला होता. हाड मोडलं नव्हतं, पण दारूबंदी कमिटीचे अध्यक्ष भावकूअण्णा म्हणाले, "माणूस आजारी हाय. मिरजेला डाक्टरकडं न्यायला पायजे." मी वखारीचा दिवाणजी आणि कमिटीचा खजिनदार. बी.कॉम. झालेला माणूस हाताशी असला की त्याला न विचारताच खजिनदार करतात.

त्या वर्गणीत सव्वा रुपया सत्याक्काचा होता. तिचं जन्मनाव सत्याप्पा. अठराव्या वर्षी यल्लम्माच्या नावानं लुगडं नेसली आणि जोगती झाली. माघी पौर्णिमेला देवीचा जग, म्हणजे पितळी मुखवटा बसवलेली परडी, डोक्यावर घेऊन ती सौंदत्तीला चालत जाई. एरवी वखारीत बायकांच्या रांगेत बसून तंबाखू चाळी. हजेरीबुकात तिचं नाव पुरुषांच्या पानावर होतं आणि मजुरी बायकांच्या दरानं. ही सोय मालकांची. मी ती पंधरा वर्षं एकाही खाडाखोडीशिवाय सांभाळली.

सत्याक्का रोज संध्याकाळी सारायीच्या दुकानात प्यायची, आडोसा न शोधता. तिचा गुन्हा एवढाच. आडोसा शोधणारे कमिटीत होते. बायका दिवसातून सहा वेळा मिसरी लावायला उठत. त्याला वखारीत दात घासणं म्हणत. मालुबाईला दोन तास मिसरी मिळाली नाही तर तिचं डोकं उठे, आणि तिच्या तोंडात घासायला एकही दात उरला नव्हता. मी तपकीर ओढायचो, पण ती सर्दीसाठी.

४ फेब्रुवारीला कमिटी बसली. जग गुरुवारी निघणार होता. भावकूअण्णांनी जाहीर केलं, "दारुड्याच्या डोक्यावर देवी जाणार न्हाय."

"आणि देवाप्पा?" सत्याक्कानं विचारलं. "त्यो माझ्याच शेजारी बसून पितोय की."

"त्येला आजार हाय."

"आणि मला?"

"तुला माज हाय."

मालुबाईनं मिसरीचं बोट तोंडातून काढलं. "अण्णा बोलत्यात ते खरं हाय गं. बाईमाणसानं पिऊ नये."

"आज बाईमाणूस झाली व्हय मी?" सत्याक्का हसली. "लई झ्याक झालं."

पण सभा उठल्यावर ती माझ्या टेबलाशी आली. बावीस वर्षांत तो जग दुसऱ्या डोक्यावर गेला नव्हता. "दिवाणजी, जग गेला तर मी कोण उरली? लुगडं नेसलेला सत्याप्पा." तिनं कपाळाला भंडारा लावून कमिटीपुढं शपथ घेतली, चार दिवस एक थेंब नाही. कमिटीनं अट घातली, गुरुवारी सगळ्यांसमोर जग घेऊन देवळाला पाच फेरे मारायचे.

तिनं शपथ पाळली. मंगळवारी तिला घाम फुटला, ओकाऱ्या झाल्या. बुधवारी हातातली चाळण पडली. मालुबाईनं पदरातली डबी काढली. "ही लाव आक्का. डोकं ठिकाणावर येतंय." मिरजेच्या डॉक्टरची आठवण कुणालाही झाली नाही, तो देवाप्पाच्या आजाराचा डॉक्टर होता. देवाप्पा तिथून तीन दिवसांत टॉनिकची बाटली घेऊन परतला होता. टॉनिक संपलं, पण बाटली रिकामी राहू नये याची तो रोज काळजी घेई.

गुरुवारी सकाळी सत्याक्कानं जग उचलला. तिचे हात असे थरथरले की चौंडकं वाजायच्या आधीच परडीचे घुंगरू वाजू लागले. मुखवटा कलला.

"बगा, हात कापायलेत!" भावकूअण्णा ओरडले. "प्यालीया!"

"तोंड हुंगा अण्णा. सोडली म्हणून कापत्यात."

लोक हसले. "दारू सोडल्यावर कुणाचं हात कापत्यात व्हय?"

तोंड कुणी हुंगलं नाही. देवाप्पा पुढं झाला. त्यानं सकाळी टॉनिकचे दोन डोस घेतले होते. जग त्याच्या हातात तराजूच्या काट्यासारखा स्थिर राहिला.

"ह्येला म्हणत्यात सुधारल्याला माणूस," भावकूअण्णा म्हणाले, आणि जग मुकादमाच्या डोक्यावर गेला. उदं गं आई उदं झालं. बायकांतही हशा होता. मालुबाई तेवढी हसली नाही. दोन तास मिसरी नसली की काय होतं, हे तिला ठाऊक होतं. तिनं डबी काढली आणि मिसरीचं बोट तोंडात घातलं.

सत्याक्का वेशीपर्यंत जगामागून गेली आणि तिथून सारायीच्या दुकानाकडं वळली. चार दिवसांची शपथ पाळून झाली होती. दुपारी ती वखारीत आली तेव्हा तिच्या हातातली चाळण जराही हलत नव्हती, म्हणजे चाळण्यापुरतीच हलत होती.

पुढच्या सभेत कमिटीनं ठराव केला की दारुड्याची वर्गणी देवाप्पाच्या इलाजासारख्या पवित्र कामात नको, ती परत करावी. ठराव मीच लिहिला. सत्याक्का त्यानंतर पाच वर्षं वखारीत होती. येत्या मार्चमध्ये मी निवृत्त होत आहे.

सव्वा रुपया देणे आहे.