धुळ्याची लाईन

फोनवर कोणी ओरडायला लागलं की अक्का हेडफोन कानावरून सरकवायच्या, त्याला मोकळ्या हवेत ओरडू द्यायच्या आणि तेवढ्यात निवांत सुपारी कातरायच्या. मग हेडफोन परत कानाला. "झालं? पाणी प्या थोडं, मग बोला."

पासष्ट-सहासष्ट सालची गोष्ट. जळगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी ऑपरेटर म्हणून चिकटले आणि मला या अक्कांच्या शेजारी बसवलं. तुम्हाला म्हणून सांगते, तेव्हाची मी म्हणजे मॅट्रिक पास, दोन वेण्या, आणि आपला आवाज रेडिओवरच जायला हवा होता याची पक्की खात्री! असं लाडात 'हॅलोऽऽ' म्हणायची की अक्का एकदा म्हणाल्या, "पोरी, नंबर विचारतेस की जेवायला बोलावतेस?"

आठवडाभर त्यांनी मला तोंड उघडू दिलं नाही. फक्त ऐकायचं. "धापा टाकतो तो पळत आलेला असतो, त्याला सांभाळून घे. ओरडतो तो गादीवर बसलेला असतो. त्याला घाई नसते, सवय असते."

एका दुपारी धुळ्याची एकच लाईन चालू होती. पहूरचा एक माणूस पोस्टात कॉलसाठी खोळंबला होता; त्याच्या बायकोचं धुळ्याच्या दवाखान्यात ऑपरेशन होतं. त्याच्या मागे नंबर होता कापसाच्या एका बड्या व्यापाऱ्याचा, सगळे ज्यांना नाना म्हणत त्यांचा. ते फोनवर गरजले, "माझा आधी लाव!"

"तुमचा नंबर आला की लागेल, नाना," मी म्हणाले. शूर वगैरे नाही हं, अक्कांनी शिकवलेलं तेवढं बोलले आणि पहूरची लाईन जोडली.

"कोणाची पोर गं तू? उद्या घरी बसशील!"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सांगितलं, माफी लिहून दे, नाही तर चालू लाग. मी टेंपररी. वडील अंथरुणाला खिळलेले, घरात पगार तेवढा माझा. रडत रडत लिहायला घेतलं. अक्कांनी कागद ओढला आणि त्यात सुपारी बांधली. चिडल्या की त्या थेट शिंदखेड्याच्या बोलीत शिरायच्या.

"तुन्ही चूक शे का?"

"नाही, अक्का."

"मंग माफी कसानी?"

"नोकरी जाईल हो!"

"न केलेल्या चुकीची माफी एकदा लिहिलीस, की रोज लिहावी लागेल. चल."

मला वाटलं, आत साहेबांपुढे त्याच बोलतील. तर त्या भिंतीला टेकून गप्प उभ्या! शेवटी मीच किंचाळले, "मी माफी लिहिणार नाही." तेव्हा कुठे अक्का म्हणाल्या, "हिला मी शिकवलंय, साहेब. शिक्षा करायची तर मला करा."

साहेबांनी ते मनावर घेतलं. माझी नोकरी राहिली, अक्कांची धुळ्याला बदली झाली. "बरं झालं, माहेर जवळ आलं," एवढंच म्हणून त्यांनी पिशवी उचलली.

त्यानंतर कित्येक वर्षं धुळ्याची लाईन लावली की पलीकडे अक्का असायच्या. "धुळे." "जळगाव." बस्स. लाईनवर घरचं बोलायचं नाही, हा नियम त्यांनी माझ्यासाठीही मोडला नाही.

एक दिवस वेगळाच, कोवळा आवाज आला. तोवर मीही सीनिअर झाले होते, चार पोरींना दरडावत होते.

"अक्का कुठे आहेत?"

"लाईनवर खाजगी बोलता येत नाही, बाई. नंबर सांगा."

"अगं, मी जळगावची सीनिअर बोलतेय! त्या आजारी आहेत का, तेवढं सांग."

"सीनिअर असा नाही तर साहेब असा. मागे लोक खोळंबलेत."

अक्का रिटायर झाल्याचं मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं, की ही पोर कोणाच्या शेजारी बसून शिकली होती. मी निमूट नंबर सांगितला.