उभं काय ते बघणारी मालनबाई

मालनबाईनं पिण्याचा माठ लाथेनं उलटवला, तेव्हा माझा पेला तोंडाला लागायचाच बाकी होता. तिनं तोही हातातून उडवला. "वास घे," म्हणाली. पाण्याला टोमॅटोवर फवारायच्या औषधाचा वास येत होता.

ते तिच्याच नवऱ्यानं, दादांनी, ओतलं होतं. माप अगदी बरोबर घेतलेलं. फक्त माठ त्यांना फवारणीचं पिंप वाटला. वर्षभर त्यांचं असंच विसरणं चाललं होतं.

मालनबाई माझी थोरली जाऊ. नाशिकच्या कडेला आमचा मळा. आमचे हे म्हणाले, "वहिनी, दादाला विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत कोंडायचं. नायतर सगळे मरू." मीही हो म्हणाले. खोटं कशाला सांगू?

"आधी डॉक्टर," ती म्हणाली. "मग मलाबी कोंडा, भाऊजी. भाकरी तुमची बायको करंल."

डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूच्या पेशीत बारीक नळ्या असतात. टाऊ नावाचं प्रथिन त्यांना बांधून उभं ठेवतं. विसरण्याच्या या आजारात ते सुटतं, त्याचाच गुंता होतो, नळ्या कोसळतात आणि पेशी मरते.

"म्हणजे सुतळी सुटली आन् रोपाच्याच गळ्यात अडकली," मालनबाई म्हणाली. "मेलेली परत उभी राहतील?"

"नाही."

"आन् जी उभी हायेत?"

"ती आहेत तोवर काम करतील."

एवढं तिला पुरलं. फवारणीची औषधं तिनं पेटीत घालून कुलूप लावलं. दादांना नावं विचारणं बंद केलं. मी विचारलं की करवादायची, "मेलेलं कशाला उकरते? उभं काय ते बघ." दादा तिलाच विचारायचे, "बाई, तुम्ही कोणाच्या?" ती म्हणायची, "याच मळ्यातली. चला, बांधणीला उशीर होतोय."

टोमॅटोची झाडं तारेला बांधायचं काम दादांच्या बोटांना येत होतं. गाठ मारली की खाली दोन बोटं जागा सोडायचे, खोडाला सुतळी काचू नये म्हणून. आमचे हे कुरकुरले, "रोपं मोडंल तो." मालनबाईनं ऐकलं नाही.

गणपतीत वारा-पाऊस झाला. ह्यांनी बांधलेल्या दोन ओळी आडव्या पडल्या. दादांची एकही नाही. मालनबाई बांधावर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"भाऊजी, आता कोणाला कोंडायचं?"

दुसऱ्या दिवशी सुतळीचा गुंडा घेऊन हे स्वतः दादांना हाक मारायला गेले.

दादा पुढं सहा वर्षं जगले, मोकळे. गेले ते आपल्या खाटेवर. मालनबाई गेल्या साली गेली. मी अजून उभी आहे.