लॉन मी जाळलं, बोल काशिनाथदादांना

मंडळी, आज स्वतःचीच लाज वाटतेय.

जव्हारला आमच्या घरापुढे छोटंसं लॉन आहे. सूर्यमाळचे काशिनाथदादा त्याची निगा राखतात. परवा त्यांनी युरिया हात राखून टाकला. मला तो कमी वाटला. ते गेल्यावर उरलेली पिशवी मीच रिकामी केली. वरून पाणीही मारलं नाही.

आज सकाळी गवत जागोजाग करपलेलं. "हे कोणी केलं?" बायकोने विचारलं. मला उत्तर ठाऊक होतं. तेवढ्यात दादा फाटकातून आत आले आणि मी शेजाऱ्यांदेखत ओरडलो, "काय हो, भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात तसा राब भाजलात का इथे?"

दादा उकिडवे बसले. मातीत हात घातला, तर बोटांना खताचे दाणे चिकटले. मग त्यांनी पायरीजवळची रिकामी पिशवी पाहिली. मग मला.

"माझाच हात जड पडला असंल, सर," ते बायकोला ऐकू जाईल असं म्हणाले, आणि पाइप घेऊन खत धुवायला लागले.

मी त्यांना तो दोष घेऊ दिला. शिक्षक आहे मी, शेतकऱ्याचा मुलगा.

इथे कबूल करणं सोपं आहे, दादा फेसबुकवर नाहीत. उद्या हेच त्यांच्यासमोर, त्याच शेजाऱ्यांदेखत म्हणायचंय. तुमच्यापैकी कुणाला जमलंय का हो असं?