गोजरबाईनं जे दहा वर्षं सांगितलं नाही

गोजरबाई बोलायला लागली की बाकीच्यांनी गप बसायचं, हे कुरुंद्यात सगळ्यांना ठाऊक होतं. घर मेंढरांचं. कोकरू अडलं की दूरदूरच्या वाड्यांवरून तिलाच बोलावणं यायचं. पुढचे दोन पाय धरून, मेंढीच्या कळेबरोबर ती असं ओढायची की कोकरू सुळकन बाहेर! त्याच हातांनी तिनं गावातल्या शंभरावर बायकाही मोकळ्या केल्या होत्या. ‘‘बाई आन् मेंढीत फरक एवढाच, बाई शिव्या देती,’’ असं म्हणून ती स्वतःच हसायची.

१९९६च्या उन्हाळ्यात तिची लेक रागिणी पहिल्या बाळंतपणाला हट्ट्याहून माहेरी आली. बाळाचं डोकं निघालं आणि खांदा अडकला. गोजरबाईनं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि ओढलं. पोरगी रडली, घरादाराचा जीव भांड्यात पडला. पण पोरीचा डावा हात काही हलेना. नुसता लोंबत राहिला, तळवा मागं वळलेला.

रागिणीच्या सासूनं, सत्यभामाबाईनं, कारण तिथल्या तिथं शोधून काढलं. आदल्या दिवाळीत सूर्यग्रहण झालं होतं आणि नुकतेच दिवस गेलेली रागिणी त्या वेळी विळीवर बसली होती म्हणे. झालं! लेकराला ग्रहण लागलं, आणि दोष सुनेचा. रागिणीनंही ते खरं मानलं. गोजरबाईला मात्र आपण किती जोर लावला होता ते बराबर आठवत होतं. व्याह्यांशी वाद कशाला, लेकीचा संसार मोडेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. खरी गोष्ट अशी की ती भ्याली होती.

दोन वर्षांनी कळमनुरीच्या सोमेश्वर मास्तरांचं नाव कानावर आलं. त्यांच्या मुलीचा हात असाच होता. नांदेडच्या डॉक्टरांनी त्यांना समजावलं होतं, की हाताच्या नसा मानेतून निघतात, जन्मताना डोकं ओढलं की त्या ताणतात, कधी तुटतात. लवकर व्यायाम सुरू केला तर बरंच काही परत येतं. मास्तरांनी आपल्या ओसरीवर ‘बाळहात आधार मंडळ’ अशी पाटी लावली. आठवडी बाजाराला लोक येतातच, म्हणून बैठक बाजाराच्या दिवशी.

माय-लेकी नात मोहिनीला घेऊन तिथं जाऊ लागल्या. रागिणी पोरीचा हात नेमानं हलवायची, कधी खाडा नाही. पोरगी हात खांद्यापर्यंत उचलायलाही लागली. नसांचं तिला पटलं होतं, पण तिचा हिशोब वेगळा होता. नस तुटली खरी, पण ती ग्रहणामुळं तुटली!

मास्तर होते भले, पण बोलायचे पुस्तकी. बैठकीला मुद्दाम बोलावलेल्या गावोगावच्या सुइणी बसल्या बसल्या पेंगायच्या. एकदा गोजरबाईला राहवलं नाही. ती उठली, बाळंतपण दाखवायला ठेवलेली चिंध्यांची बाहुली हातात घेतली आणि सुइणींना झापलं, ‘‘खांदा अडला की ओढायचं न्हाई! बाईचे गुडघे पोटाशी दाबा. आन् लेकरू थोराड वाटलं तर आधीच दवाखान्यात धाडा. आपली शान मिरवत बसू नका!’’ सगळ्या खडबडून जाग्या झाल्या. त्या दिवसापासून सुइणींना आणि बायकांना हे शिकवायची मंडळाची गावोगावची मोहीम तिच्या गळ्यात पडली. आठ वर्षं ती गावं हिंडली. मोहिमेपायी स्वतःचं सुईणपण तिनं जवळपास सोडून दिलं.

मार्च २००६. हट्ट्याच्या शाळेच्या व्हरांड्यात रागिणीनंच बायका जमवल्या होत्या. चार दिवसांवर पुन्हा सूर्यग्रहण आलेलं. समोर प्रियदर्शनी बसली होती, नववा लागलेली. तिचं पहिलं लेकरू थोराड होतं आणि अडून अडून जन्मलं होतं. गोजरबाई तिला दवाखान्यात जा म्हणून सांगतच होती, तेवढ्यात रागिणी कळवळून मधे बोलली, ‘‘बाई, त्या दिवशी घराभायेर निघू नगं. विळीला हात लावू नगं. मी लावला, आन् माझ्या लेकराचं काय झालं ते बघून राहिलीस ना?’’

प्रियदर्शनीचा चेहरा एकदम खुलला. ‘‘एवढंच ना? मग बसते की घरात. दवाखाना काहून? गोजरमावशीलाच बोलावू.’’

बायकांनी माना डोलावल्या. आठ वर्षांची मेहनत पाण्यात चालली होती, आणि त्यासोबत कदाचित एक लेकरूही. गोजरबाईनं बाहुली खाली ठेवली. 

‘‘ग्रहणानं काही झालं न्हाई,’’ ती म्हणाली. ‘‘मोहिनीचा हात मी मोडला. खांदा अडला व्हता, मी डोकं धरून ओढलं. कोकरू ओढते तसं. माझ्या लेकीचा काहीएक दोष न्हाई.’’

 प्रियदर्शनीशेजारी बसलेल्या तिच्या सासूनं पदर सावरला आणि म्हणाली, ‘‘उद्याच वसमतच्या दवाखान्यात नेऊन दाखवते हिला.’’ बायका एकेक करून उठल्या. रागिणी जागची हलली नाही.

‘‘तुला कवापासून ठावं व्हतं, आये?’’

‘‘त्याच दिसापासून.’’

‘‘मला सासू रोज बोलायची. सणावाराला मला आरतीच्या ताटाला हात लावू देत न्हाई. तुला सांगून रडायचे मी.’’

‘‘व्हय.’’

‘‘तवा तू काय म्हनायचीस?’’

गोजरबाईला सगळं आठवत होतं. ती म्हणायची, सोस बाई, दिवस जातील.

‘‘तू ओढलं नसतं तर लेकरू मेलं असतं, मला कळतं,’’ रागिणी म्हणाली. ‘‘हाताचा राग न्हाई मला. पर धा वर्सं मी रात्रंदिस सोताला शिव्या देऊन राहिले, आन् तू माझे डोळे पुसत राहिलीस.’’

सगळ्या तालुक्याला झापणारी बाई खाली वाकून बाहुलीच्या चिंध्या सारख्या करत बसली. रागिणी उठली, साडी झटकली आणि सासूला सांगायला घरी गेली. त्या दिवाळीला ती माहेरी आली नाही.