काश्यप गोत्राचा शिकारी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, दादाला तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण आता पोटात राहत नाही — आणि खरं सांगू? नुसती सुरुवात केली तरी हलकं वाटतंय.

आम्ही बनारसचे मराठी. वडील लवकर गेले, मला आणि दादाला काकांनी वाढवलं. काकू गेल्यावर काकांनी क्षेत्रसंन्यास घेतला, म्हणजे मरेपर्यंत काशीची सीमा ओलांडायची नाही. आणि अशा माणसाला आवड कसली, तर रानावनाच्या कादंबऱ्यांची! बेटावर अडकलेले, वाळवंटात हरवलेले, अस्वलाशी झुंजणारे — असली माणसं काकांची जिवलग. पुढे काचबिंदूनं त्यांचे डोळे गेले आणि वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा कॉलेजात होते.

सोपं नव्हतं हो ते. काका दर पानाला अडवायचे. "जरा रुक गं, ओल्या लाकडाला आग कशी लागली ते परत वाच." एकेका प्रकरणाला तीन-तीन दुपारी. मला आवडत नव्हतं असं नाही — पण वय होतं का ते, दुपारभर पुस्तकातल्या बर्फात बसायचं?

त्या वेळी चालू होती एका शिकाऱ्याची गोष्ट. उत्तरेकडचं जंगल, हिवाळा, हा एकटा, आणि घरी बायको वाट बघतेय. नाव असं विलायती की आमच्या जिभेवर बसेना. एके दुपारी मैत्रिणी दशाश्वमेध घाटाशी थांबल्या होत्या, सिनेमाला जायचं होतं. शिकारी गोठलेली नदी ओलांडत होता. बर्फ फुटला, तो पाण्यात पडला. पुस्तकात पुढं असं होतं की तो काठ धरून वर येतो.

मी काय केलं?

मी म्हटलं, "गेला खाली. संपली गोष्ट." आणि पुस्तक मिटलं.

मी सिनेमा बघून हसत-खिदळत घरी आले, तर काका जेवले नव्हते. सकाळी दादाचा हात धरून पंचगंगा घाटाच्या त्या उभ्या पायऱ्या उतरले, अंघोळ केली आणि त्या शिकाऱ्याला तिलांजली दिली. दादानं विचारलं, "काका, किताबातल्या माणसाला?" काका म्हणाले, "उधर त्याचं आहे कोण रे पाणी द्यायला?" गोत्र माहीत नाही म्हणून काश्यप लावलं. नावाच्या जागी — अरण्यवासी.

तेव्हा सांगता आलं असतं. नुसतं पान उघडायचं होतं. पण मला भीती वाटली, की काका पुन्हा माझ्या तोंडून काही ऐकणार नाहीत. स्वतःची किंमत सांभाळली मी, दुसरं काही नाही. पुस्तक लायब्ररीत परत देऊन टाकलं.

त्यानंतर दर पितृपक्षात आमच्या पितरांबरोबर त्यालाही पाणी. घरात सगळ्यांना कौतुक — काय मोठं मन आहे काकांचं! मीही मान डोलवायचे. आणि पुढे कुठलीही कादंबरी हातात घेतली की काका आधी विचारायचे, "हा वाचतो ना गं शेवटी? पहिले सांग." मी शेवटचं पान बघून सांगायचे. खरं सांगायचे, पण त्यांची ती मजा गेली ती गेलीच.

काका जाऊन आता सहा वर्षं झाली. शेवटपर्यंत त्यांनी सीमा ओलांडली नाही. तर्पण आता दादा करतो, काकांनी बजावून ठेवलं होतं म्हणून. याही वर्षी अरण्यवासी काश्यपाला पाणी मिळालं. दादा, आता तूही हे वाचशीलच. वाच. मला बरंच वाटेल.

पुस्तक परत करण्याआधी उरलेली पानं मी गच्चीवर बसून वाचली होती, एका बैठकीत. शिकारी मेला नाही. वसंतात पायी चालत घरी पोचला. बायकोनं दार उघडलं, त्याला ओळखलंच नाही, तरी थकलेला वाटसरू म्हणून आत घेतलं आणि विस्तवाजवळ बसवलं. मग तो खोकला आणि तिनं ओळखलं. काकांनी ते पान माझ्याकडून दहादा वाचून घेतलं असतं. मी त्यांना एकदाही वाचून दाखवलं नाही.